गिऱ्हाइकांचं देणं किती, एवढंच विचारलं होतं

नांदेडच्या नव्या मोंढ्यात, शेतमाल कमिशनवर विकणाऱ्या एका आडतीवर मी बावीस वर्षं हिशेब लिहितोय. त्यामुळे पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, कॅशबॅकवाल्या कंपनीचे अनलिस्टेड, म्हणजे शेअर बाजारात न आलेले, शेअर मिळतायत, दोन लाख टाका," तेव्हा धंदा लगेच कळला. गिऱ्हाईक ॲपवरून दुकानाच्या साइटवर जातं, खरेदी करतं, दुकान ॲपवाल्याला कमिशन देतं आणि तो त्यातला वाटा गिऱ्हाइकाला परत करतो. आडतच ही. जपानच्या राकुतेन कंपनीने २०१४ साली ईबेट्स ही अमेरिकेतली कॅशबॅक कंपनी सुमारे १०० कोटी डॉलरला घेतली, हेही भाच्याने सांगितलं. ईबेट्स १९९८ सालची. सोळा वर्षं कुणीतरी धीर धरला होता.

शेअर विकणाऱ्या दलालाने पाठवलेल्या चाळीस पानांत पहिलाच मोठा आकडा ॲपवरून झालेल्या एकूण खरेदीचा होता. आमच्याकडे पन्नास लाखांचं सोयाबीन विकलं म्हणून ती आडत्याची कमाई होत नाही. कमिशनमधून कॅशबॅक वजा करून उरतं ते खरं. ते काढायला मला अर्धा तास लागला.

अडलं ते एकाच प्रश्नावर. गिऱ्हाइकांच्या खात्यात कन्फर्म दिसणारा, पण अजून न दिलेला कॅशबॅक किती, आणि त्यासमोर बँकेत रोकड किती? माल परत करायची मुदत संपेपर्यंत दुकान कमिशन पक्कं करत नाही, तोवर गिऱ्हाइकाला 'पेंडिंग' दिसतं. एकदा कन्फर्म झालं की ते कंपनीच्या डोक्यावरचं देणं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, थकली तर मी ती वहीत सगळ्यात आधी दाखवतो, मग इथे का नको?

दलाल म्हणाला, "उद्या कळवतो." चौथ्या दिवशी तीच चाळीस पानं पुन्हा आली. आठवड्याने, "सर, फायनान्स टीमकडे दिलंय." दहाव्या दिवशी, "शनिवारनंतर भाव वाढणार, टोकन तरी टाका." हे ऐकून माझं डोकं तापलं. ज्याला देणं सांगता येत नाही, त्याला घेण्याची एवढी घाई कशाची? मी रोज दुपारी, काटे बंद झाले की, फोन लावायचो. तीन आठवड्यांनी ईमेल आला: ही माहिती गोपनीय आहे.

गोपनीय कसली! खासगी कंपनीलाही ताळेबंद दरवर्षी कंपनी निबंधकाकडे दाखल करावा लागतो. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर १०० रुपये भरले की तो कुणालाही बघता येतो. तुम्ही हे पहिल्याच दिवशी करा, कुणाच्या फोनची वाट बघू नका. मला त्याच रात्री सगळं मिळालं. ताळेबंदामागच्या टिपांमध्ये गिऱ्हाइकांचं देणं बँकेतल्या रोकडीपेक्षा जास्त होतं. वर, मुदत संपून बुडालेला लोकांचा कॅशबॅक 'इतर उत्पन्न' म्हणून जमा केला होता. तो काढला तर वर्ष तोट्यात जात होतं. मी पैसे टाकले नाहीत, आणि तो आकडा स्वतः शोधला याचं मला समाधान आहे.

आणखी एक, हे आधीच सांगायला हवं होतं: पैसे टाकण्याआधी त्या ॲपवरून स्वतः काहीतरी घेऊन बघा. मी कुकर घेतला होता. ९४ रुपये अजून पेंडिंग आहेत. कमिशनचा किती हिस्सा एकदोन मोठ्या दुकानांकडून येतो, तेही विचारा. ॲमेझॉनने एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत बऱ्याच वस्तूंवरचं कमिशन एकदम कमी केलं होतं. आमच्या आडतीचा दर बाजार समितीच्या नियमाने बांधलेला असतो. यांचा दर समोरचा दुकानदार ठरवतो.

भाच्याने मात्र मला विचारण्याआधीच स्वतःचे पन्नास हजार टाकले होते. खासगी कंपनीच्या शेअरच्या हस्तांतरावर बंधनं असतात. या कंपनीच्या नियमावलीत तर संचालक मंडळाची मंजुरी लागते असं लिहिलंय. त्याचे शेअर घ्यायला एक जण मिळालाय. मंजुरीचा अर्ज आम्ही दोघांनी बसून लिहिला, आणि काल तो स्पीड पोस्टाने पाठवला.