हिराकसाची बाटली

स्मरणिका समितीचं पत्र आलं. शाळेच्या अमृत महोत्सवासाठी आठवणी लिहा, दोन-तीन पानं चालतील, सोबत पासपोर्ट साइजचा फोटो. ते वाचून त्याच रात्री लिहायला बसले आणि पहिल्या पानातच लक्षात आलं, की आपल्या हातून सगळ्यांना न्याय मिळणार नाही. इंग्रजीच्या बाई, पीटीचे सर, घंटेवाले मामा, सगळ्यांनी मोठ्या मनानं समजून घ्यावं. मला एकाच माणसाबद्दल लिहायचंय. नाव लिहीत नाही. आपल्याकडं 'क्रॉपचे सर' म्हटलं की पुरतं.

आणखी एक आधीच सांगते. ऱ्हस्वदीर्घाच्या चुका झाल्या तर संपादकांनी सुधारून घ्याव्यात. अकरावीला क्रॉप सायन्स, म्हणजे पीकशास्त्र, घेताना मला मराठी सोडावी लागली होती. बायफोकल, म्हणजे व्यवसाय शिकवणारा विषय, दोनशे गुणांचा, त्याच्यासाठी दुसरी भाषा आणि शास्त्राचा एक विषय असे दोन सोडायचे. मी मराठी आणि गणित सोडलं. गणिताचं काही वाटलं नाही. मराठीचं अजून वाटतं.

ही गोष्ट 1989 ची. दहावीचा निकाल लागला आणि आमच्या घरी पंचायत बसली. सोलापूरहून काका मुद्दाम आले होते. सायन्स घ्यायचं यावर एकमत होतं, कारण गुण तेवढे होते. पण आपल्या ज्युनिअर कॉलेजात बायफोकलचे दोनच विषय, इलेक्ट्रॉनिक्स आणि क्रॉप. इलेक्ट्रॉनिक्सला यादी लागायची. तिथं नंबर नाही लागला तो क्रॉपला, असंच सगळे समजायचे. पोरं तर त्याला 'काप सायन्स' म्हणायची. माझा नंबर इलेक्ट्रॉनिक्सच्या यादीत सहावा होता, आणि मी फॉर्मवर क्रॉप लिहून आले होते. का लिहिलं, हे तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. आठवी ते दहावी कार्यानुभवाच्या तासाला सरांच्या मागनं शाळेच्या शेतीच्या प्लॉटवर फिरले होते, एवढंच.

आबा म्हणाले, "शेती शिकाय साळा कशाला? घरात काय कमी हाय व्हय?"

काका म्हणाले, "पोरीच्या जातीला तिथं कोण आहे? तेवीस पोरं आणि ही एकटी."

दोघांचंही बरोबर होतं. तेवीस पोरं आणि मी एकटी, हा आकडा काकांना कुठून कळला कोण जाणे, पण पुढं तो खरा ठरला.

तिसऱ्या दिवशी सर लूनावरून घरी आले. कट्ट्यावर बसले, पाणी प्याले, आणि माझ्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. आबांना विचारलं, "रब्बीचं बी ठेवलंय का घरचं?"

"ठिवलंय की. मालदांडी."

"किती उगवतं?"

"उगवतं की चांगलं."

"शंभरातलं किती?"

आबा गप्प. आमच्याकडची मंगळवेढ्याच्या बाजूची काळी रानं, पिढ्यान् पिढ्या मालदांडी ज्वारी पेरणारी, पण शंभरातलं किती हे आमच्या घरात कुणी कुणाला विचारलं नव्हतं. सरांनी कणगीतलं मूठभर बी मागवलं, त्यातले शंभर दाणे मला मोजायला लावले, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायला लावले, गुंडाळी करायला लावली. रोज पाणी शिंपड म्हणाले आणि गेले. पाचव्या दिवशी गुंडाळी उलगडली. एकसष्ट. आबांनी दोनदा मोजले. प्रमाणित बियाण्याला ज्वारीची उगवण किमान 75 टक्के लागते, हे सरांनी दुसऱ्या फेरीला सांगितलं, तेही मला, आबांना नाही. आबा शेजारी तंबाखू मळत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "जाऊ द्या हिला."

काका पुढची दोन वर्षं माझ्याशी थोडं कमीच बोलले.

क्रॉपच्या तासाला काय काय शिकलो ते सगळं लिहीत बसले तर स्मरणिकेची पानं वाढतील. गंधक चोळणं तेवढं सांगते, कारण आमच्या बॅचचे सगळे अजून त्यावरून हसतात. ज्वारीचा काणी रोग टाळायला 300 मेशचं, म्हणजे अगदी बारीक गंधक, किलोभर बियाण्याला चार ग्रॅम. सर ते आम्हाला हातानं चोळायला लावत, मग त्याच हातांनी फिजिक्सच्या तासाला गेलं की पुढच्या बाकावरची मुलं नाक धरत. मातीचा नमुना घेणंही तसंच. रानातून नागमोडी चालायचं, बांध, झाडाखालची जागा, उकिरडा टाळायचा, व्हीच्या आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, बाजूची माती खरवडून पाटीत. मग ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. आमच्यातला एकजण कंटाळून बांधाखालचीच ओंजळ पिशवीत भरायचा. सर पिशवी हातात घेऊन नुसते त्याच्याकडं बघायचे. तो आज आपल्या पंचायत समितीत निवडून आलाय. असो.

आता बाटलीची गोष्ट.

अकरावीच्या फेब्रुवारीत आमच्या विहिरीवरच्या तुकड्यातला उन्हाळी भुईमूग पिवळा पडला. एसबी-11 जातीचा होता. गावात त्याला केवडा पडला म्हणतात. आबांनी युरिया फेकला. चार दिवसांनी आणखी फेकला. पीक होतं तसंच पिवळं. आईनं लिंबू-मिरची बांधली. मी सरांना सांगितलं, "सर, आमचा भुईमूग पिवळा पडलाय."

सरांनी विचारलं, "वरची पानं की खालची?"

मला माहीत नव्हतं. म्हणजे मी रोज त्या रानातून शाळेला जात होते आणि मला माहीत नव्हतं. "बघून ये," म्हणाले आणि फळ्याकडं वळले.

वरची होती. शेंड्याची, कोवळी. शिरा हिरव्या आणि मधलं सगळं पिवळं. खालची पानं हिरवीगार. दुसऱ्या दिवशी दोन डहाळ्या आणि एक ढेकूळ वहीच्या कागदात गुंडाळून नेलं. सरांनी ढेकळावर हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले. ते सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं. चुनखडी. मग त्यांनी जे सांगितलं ते मी आज पंधरा-वीस हजार शेतकऱ्यांना तरी त्याच शब्दांत सांगितलं असेल. नत्र कमी पडलं की झाड म्हाताऱ्याच्या ताटातलं काढून पोराला घालतं, म्हणून खालची पानं पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. जुन्या पानात गेलेलं लोह तिथंच बसतं, नव्या पानाला मिळत नाही, म्हणून वरची पिवळी. आणि आपल्या रानात लोह भरपूर आहे, पण चुनखडीत ते पिकाला घेता येत नाही. घरात पोतंभर ज्वारी आणि जातं मोडलेलं, तशी गत.

"मग काय करायचं सर?"

"तुमच्या केमिस्ट्रीच्या कपाटात आहे. हिरवे खडे."

हिराकस! आजी दाराला टांगलेल्या पिशवीतनं काढून गुरांच्या पायाला लावायची तो, आणि सॉल्ट ॲनालिसिसच्या बाटलीवर 'फेरस सल्फेट' लिहिलेला, हे एकच, हे मला त्या क्षणापर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. किंवा सांगितलं असेल, मला ऐकू आलं नव्हतं.

पुढचं मी स्वतःच्या अकलेनं केलं. प्रॅक्टिकल संपल्यावर कागदाच्या पुडीत खडे घेतले, घरी विहिरीच्या पाण्यात विरघळवले, आणि जेवण करून संध्याकाळी रानात गेले. तोवर पाण्याचा रंग चहासारखा झाला होता. मला वाटलं, मुरलं असेल. कापसाच्या बोळ्यानं एका फांदीला लावलं, लाल दोरा बांधला. आठवडा झाला, पान जसंच्या तसं. वर चट्टे पडले ते वेगळे.

सरांना सांगितलं तर ते कधी नव्हे ते मोठ्यानं हसले. "अगं, तू त्याला गंज चढवलास की!" ऑक्सिडेशन आम्ही सहामाहीला पाठ केलं होतं, इलेक्ट्रॉन गमावतो वगैरे. माझ्या तांब्यातच ते झालं होतं आणि मी त्याला मुरणं समजत होते. फेरसचा फेरिक झाला की पानाला त्याचा उपयोग नाही. विहिरीचं पाणी जड, त्यानं आणखी घाई केली. सर म्हणाले, पावसाचं किंवा लॅबमधलं ऊर्ध्वपातित पाणी घे, लिटरला पाच ग्रॅम, वर लिंबू पीळ, आणि केल्याबरोबर लाव.

पण खडे संपले होते. पुन्हा घ्यायला गेले आणि लॅबमामांनी मनगट धरलं. प्रकरण सरांपर्यंत गेलं. मला वाटलं, आता आबांना बोलावणार. सरांनी लॅबचं साठा रजिस्टर मागवलं आणि मला माझ्या हातानं लिहायला लावलं: फेरस सल्फेट, दहा ग्रॅम, कारण : भुईमूग. पुढं सही. त्याच्या शेजारी त्यांनी स्वतःची सही केली. लॅबमामा म्हणाले, "सर, ऑडिटला काय सांगू?" सर म्हणाले, "भुईमूगच सांगा."

आईनं बांधलेलं लिंबू मी दारावरनं सोडून घेतलं आणि पिळलं. पाचव्या दिवशी दोरा बांधलेली फांदी हिरवी, शेजारची पिवळी. आबा उकिडवे बसून किती वेळ बघत होते. मग उठून म्हणाले, "सगळ्या रानाला किती लागंल?" त्या हंगामापासून बारावी संपेपर्यंत वर्गातली पोरं मला 'हिराकस' म्हणत. क्रॉपच्या वर्गात एकटी मुलगी असल्याचा त्रास काय काय झाला ते मी लिहीत नाही, पण त्या नावानंतर तो बराच कमी झाला.

1991 ला बारावी झाले. क्रॉपला दोनशेपैकी एकशे ऐंशी पडले, बाहेरच्या परीक्षकांनी हराळी आणि लव्हाळ्यातला फरक विचारला होता. पुढं महात्मा फुले कृषी विद्यापीठातून पदवी, मग मृदशास्त्रात पदव्युत्तर. आज माती परीक्षण प्रयोगशाळेत आहे. लोह मोजायला मशिन आहे, डीटीपीए नावाच्या रसायनानं काढलेल्या अर्कात 4.5 पीपीएमच्या (दहा लाखांत साडेचार भागांच्या) खाली आलं की कमी म्हणायचं. 2015 पासून मृद आरोग्य पत्रिका निघतात, त्यात बारा घटक असतात. पत्रिका बहुतेक घरांत देवाच्या फोटोमागं असते. मी पत्रिका न बघता आधी विचारते, वरची की खालची. दहातले आठजण म्हणतात, बघून सांगतो. मला फार बरं वाटतं ते ऐकून.

मागच्या महिन्यात सरांचा फोन आला. ते मुलाकडं पुण्याला असतात, सातव्या मजल्यावर. कुंडीतला कढीपत्ता पिवळा पडलाय म्हणाले. मी विचारलं, "वरची पानं की खालची, सर?" पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "विचारायला तीन सेकंद उशीर केलास." वरचीच होती. पुण्यात टाकीचं पाणी, जड असणार.

आता थोडं कडू. पत्रात 'शाळेची प्रगती' असं सदर आहे, त्यात बसेल की नाही माहीत नाही. क्रॉपचा वर्ग बंद झाला हे मला फार उशिरा, एका लग्नात कळलं. विद्यार्थी मिळत नाहीत, हे कारण. खरंही असेल. अकरावीला नाव इथं आणि मुलगा वर्षभर लातूरच्या क्लासला, अशी आता रीत आहे. कृषी पदवीलासुद्धा सीईटी द्यावी लागते, आणि ती देऊन आलेली मुलं प्रयोगशाळेत प्रशिक्षणाला येतात तेव्हा त्यातल्या कितीतरी जणांनी खुरपं हातात धरलेलं नसतं. हुशार असतात, माझ्यापेक्षा नक्कीच. पण ढेकूळ फोडताना बोटं कशी धरायची ते मला शिकवावं लागतं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसाय शिक्षण आहे, दप्तराविना दहा दिवस आहेत. वाचून मला हसू आलं. आमच्या सरांनी दप्तरं प्लॉटच्या बांधावर ठेवायला लावून आख्खी दोन वर्षं काढली, आणि त्याचं परिपत्रक निघालं नव्हतं. त्यांच्या निवृत्तीला मात्र शाल-नारळावर भागवलं गेलं. त्या दिवशी भाषण करणाऱ्यांपैकी एकालाही प्लॉटवर त्यांनी काय काय घेतलं होतं ते सांगता आलं नाही, हेही मला ठाऊक आहे. मी होते तिथं, मागच्या रांगेत. मीही उठून बोलले नाही.

कार्यक्रम अकरा वाजता आहे असं पत्रात आहे. मी नऊलाच येईन. प्लॉटच्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवलेत आणि तिथं गाड्या लागतात असं ऐकलंय, पण तिथल्या विहिरीच्या कडेला हातभर जमीन अजून उघडी असेल तर मला नमुना घ्यायचा आहे. शिपायांना सांगून ठेवा, कुणी हटकू नये. खुरपं आणि पिशवी माझी मी आणते.