गाठीतली नस बोलते का, हे ऐकताना

बाबांच्या गालाची गाठ काढली, त्या रिपोर्टात 'पेरिन्यूरल इन्व्हेजन' असं लिहिलं होतं. म्हणजे कॅन्सरच्या पेशी नसेच्या (मज्जातंतूच्या) आवरणाला धरून पुढे सरकल्या होत्या. पीएचडीचा विषय ठरवताना तो कागद डोळ्यांसमोरून हलेना.

२०१३ मध्ये क्लेअर मॅग्नों आणि पॉल फ्रेनेट यांच्या गटाने उंदरांवर दाखवलं होतं की प्रोस्टेटच्या गाठीत नसा शिरतात आणि तिच्या वाढीला, पसरण्याला हातभार लावतात. या नसा गाठीत असताना संदेश पाठवतात का, हे मला ऐकायचं होतं.

नैतिकता समितीची परवानगी मिळाली आणि नवी मुंबईतल्या आमच्या प्रयोगशाळेत काम सुरू झालं. उंदराच्या गाठीचा ताजा तुकडा क्षारांच्या द्रावणात ठेवायचा, द्रावणात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सोडत राहायचं, मग केसासारखा इलेक्ट्रोड आत. नसेचा संकेत असतो जेमतेम काही मायक्रोव्होल्टचा. पडद्यावर दिसली ती जाडजूड लाट, ५० हर्ट्झची, म्हणजे भिंतीतल्या विजेची! जाळीचा पिंजरा केला, सगळ्यांचं अर्थिंग एकाच ठिकाणी आणलं, ट्यूबलाइट बंद केली. लाट जाईना. तीन आठवड्यांनी दोष सापडला तो द्रावण ओढणाऱ्या पंपाच्या वायरीत.

जुलैतल्या एका रात्री, बाहेर पाऊस कोसळत असताना, बारीक टोकदार रेघा उमटल्या. मी माझ्या गाइड मॅडमना हाक मारली. त्या म्हणाल्या, "लिग्नोकेन टाक." नसेचा संकेत ज्यांतून चालतो त्या सोडियमच्या वाटा हे भुलीचं औषध बंद करतं, नस गप्प होते. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने हेच औषध स्तनाच्या गाठीभोवती शस्त्रक्रियेआधी टोचून पाहिलं होतं. १,५८३ स्त्रियांच्या त्या चाचणीत पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. ते नसांमुळेच, असं त्यातून सिद्ध होत नाही. पण बाटली हातात घेताना मला ते आठवलंच.

रेघा थांबल्या. मला आनंद झाला. मॅडम म्हणाल्या, "आता धू. तुकडा मेला तरी शांतच होतो."

वीस मिनिटं ताजं द्रावण फिरवलं. मग एक रेघ आली, पाठोपाठ दुसरी.

त्या आठवड्यात पाच तुकडे झाले. दोन परत बोलले. उरलेल्या तिघांची शांतता मी निकालात धरलेली नाही.