नंबर आधी, पैसे नंतर

२००६ च्या सप्टेंबरपासून दुकानात एकच चौकशी वाढली होती. जुना टीव्हो आहे का, लाइफटाइमवाला? रिमोट नसला तरी चालेल, पत्रा चेपलेला असला तरी चालेल, फक्त लाइफटाइम हवा. मी तेव्हा न्यू जर्सीत एडिसनला, ओक ट्री रोडजवळ, एका गुजराती शेठच्या दुकानात रिपेअरिंग करायचो. पुढच्या बाजूला २२० व्होल्टचे मिक्सर आणि मल्टिसिस्टम व्हीसीआर, मागे माझं टेबल. नाशिकच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही शिकलेल्या माणसाला त्या टेबलावर काय काय उघडायला मिळालं याची यादी मोठी आहे. पण भंगारात निघालेल्या डब्यासाठी माणसं भांडताना मी तेव्हाच पाहिली.

ज्यांनी टीव्हो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कॅलिफोर्नियातल्या या कंपनीने १९९९ मध्ये व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला, कॅसेटऐवजी हार्ड डिस्क असलेला. सुरुवातीची मशीन फिलिप्सने बनवली, मग सोनीनेही. मालिकेचं नाव एकदा सांगितलं की पुढचे सगळे भाग तो आपणहून टिपून ठेवायचा. चालू कार्यक्रम थांबवता यायचा, मागे नेता यायचा. हे सगळं चालायचं ते कार्यक्रमांच्या वेळापत्रकावर, आणि ते वेळापत्रक मशीन रोज टेलिफोनच्या तारेवरून कंपनीला फोन करून घ्यायचं. त्याचे पैसे वेगळे. महिन्याला भरा, नाहीतर एकरकमी लाइफटाइम घ्या. सुरुवातीला लाइफटाइम १९९ डॉलरला होता, पुढे २९९ झाला. हा लाइफटाइम माणसाच्या नावाचा नव्हे, त्या एका डब्याचा. डबा मेला की लाइफटाइम संपला.

मार्च २००६ मध्ये कंपनीने नवीन लाइफटाइम विकणंच बंद केलं. आणि सप्टेंबरात सीरीज थ्री हा नवा टीव्हो आणला: हाय डेफिनिशन, दोन ट्यूनर, २५० जीबीची डिस्क, किंमत आठशे डॉलर. पुढे महिन्याची वर्गणी भरत बसा. लोकांनी आरडाओरडा केला असावा, कारण त्याबरोबर एक खिडकी उघडी ठेवली होती. तुमच्याकडे लाइफटाइमवाला जुना टीव्हो असेल, तर ठरावीक मुदतीत १९९ डॉलर भरा, तो लाइफटाइम सीरीज थ्रीवर चढवून मिळेल. वर जुन्या डब्याला वर्षभराची सर्व्हिस फुकट. हे कळल्यावर ज्यांच्याकडे जुना डबा नव्हता ते तो विकत घ्यायला निघाले, यात नवल ते काय. शेठने उन्हाळ्यातच असले दोन डबे कोणाला तरी किरकोळ भावात देऊन टाकले होते. त्या आठवड्यांत तो माझ्याशी नीट बोलत नव्हता. जणू मीच विकले.

त्या शनिवारी सकाळी काका आले. मूळचे सांगलीचे, सिव्हिल इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, पार्सिपनीहून चाळीस मिनिटं गाडी हाकत खास आमच्याकडे यायचे, कारण बाकीचे दुकानदार त्यांच्या मते लुटारू. ट्रॉली बॅगेतून त्यांनी पंच्यात गुंडाळलेला फिलिप्सचा डबा बाहेर काढला.

"दोनशे वीसला मिळाला. काल रात्री रोख दिले. लाइफटाइम आहे, मी स्वतः स्क्रीनवर वाचलंय. आता तू फक्त एकदा बघ आणि फोन करून दे. मला त्या लोकांचं इंग्रजी फोनवर कळत नाही."

चाळीस वर्षं अमेरिकेत पूल बांधलेला माणूस! इंग्रजीचा प्रश्न नव्हता, होल्डवर थांबायचा कंटाळा होता.

मी डबा टीव्हीला जोडला. सिस्टिम इन्फॉर्मेशनच्या पानावर गेलो. टीव्होत बघण्यासारखं पान हेच. वर पंधरा अक्षरांचा सर्व्हिस नंबर, त्याखाली अकाउंटची स्थिती. तिथे ५ हा आकडा आणि पुढे 'प्रॉडक्ट लाइफटाइम सर्व्हिस' असं आलं की समजायचं. महिन्याने भरणाऱ्यांना ३ दिसतो, बंद केलेल्या अकाउंटला ४. काकांच्या डब्यावर स्वच्छ ५ होता. मागच्या स्टिकरवरचा नंबर आणि स्क्रीनवरचा नंबरही तंतोतंत जुळत होते.

"झालं ना?" काका म्हणाले.

मी खाली सरकलो. 'शेवटचा यशस्वी कॉल' अशी एक ओळ असते. तिथे मे महिन्यातली तारीख होती.

हे लोक विसरतात. स्क्रीनवरचा ५ म्हणजे मशीनला शेवटचं जे सांगितलं गेलं ते. मेपासून या डब्याला कोणी फोनची तार लावलेली नाही, म्हणजे मेनंतर कंपनीच्या वहीत काय झालं हे त्याला ठाऊकच नाही. मी शेठच्या फॅक्सची तार काढून डब्याला लावली. शेठने मान वर करून पाहिलं, पण काका समोर असल्यामुळे गप्प बसला.

फिलिप्सच्या त्या जुन्या डब्याचा कॉल म्हणजे संयमाची परीक्षा. आधी डायल, मग मोडेमची किरकिर, मग डाउनलोड, आणि त्यानंतर ती माहिती आत चढवण्यात कित्येक वेळ. काकांनी तेवढ्यात खिशातली डायरी काढून मला हिशोब दाखवला. महिन्याचे १२.९५, म्हणजे वर्षाचे १५५ डॉलर ४० सेंट. जुना डबा २२० आणि ट्रान्सफरचे १९९ मिळून ४१९. पावणेतीन वर्षांत वसूल, त्यापुढे सगळं फुकट. मशीनचे आठशे डॉलर मात्र हिशोबात नव्हते. ते काकूंपासून लपवलेले होते म्हणून डायरीतही नव्हते.

कॉल पुरा झाला. मी पुन्हा त्याच पानावर गेलो. लाइफटाइमची ओळ गेली होती.

काका खुर्चीतून उठून टीव्हीला नाक लावून उभे राहिले. "तू काहीतरी दाबलंस."

"काही दाबलं नाही काका. त्याने फोन केला, त्यांनी सांगितलं, त्याने लिहिलं."

पण मला चमत्कारिक वाटलं ते वेगळंच. लाइफटाइम खोटा असता तर अकाउंट बंद दिसायला हवं होतं. इथे तसं नव्हतं. कार्यक्रमांची माहिती नीट उतरली होती, सर्व्हिस चालू होती. लाइफटाइम नाही, पण डबा जिवंत. हे कसं?

मग कंपनीला फोन लावला. होल्डवरचं संगीत, शेठचं गिऱ्हाईक, काकांच्या येरझाऱ्या. शेवटी एक बाई आल्या. नंबर सांगितला. त्या म्हणाल्या, हा नंबर दुसऱ्याच्या अकाउंटवर आहे, त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही. मी म्हटलं, नाव नको, एवढंच सांगा की या डब्यावर लाइफटाइम आहे का. नाही. मग सर्व्हिस कशी चालू? ती पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरपर्यंत भरलेली आहे.

वर्षभर. तिथे माझी ट्यूब पेटली. जुन्या डब्याला वर्षाची सर्व्हिस केव्हा मिळते? त्याचा लाइफटाइम सीरीज थ्रीवर चढवल्यावर. म्हणजे कोणीतरी या डब्याचा लाइफटाइम नुकताच उचलून नेला होता, आणि तोही डबा हातात नसताना.

काकांनी विकणाऱ्याला फोन लावला. मी स्पीकर चालू केला. रटगर्स विद्यापीठात शिकणारा मुलगा होता, आवाजावरून घाबरलेला. त्याने तो डबा उन्हाळ्यात एका घरापुढच्या यार्ड सेलमधून, कार्टनभर तारांसकट उचलला होता. घरमालक नवीन टीव्ही घेऊन जुनं सामान काढत होता. डबा विकला, पण फोन करून नंबर आपल्या अकाउंटवरून उतरवायचं त्याच्या ध्यानीमनीही नसणार. मग सप्टेंबरात ऑफर आली. त्याने नवीन मशीन घेतलं, फोनवर विचारलं, त्यांनी अकाउंट पाहिलं, जुना नंबर दिसला, चढवला. डबा आहे कुठे हे कोण विचारतंय? मला खात्री आहे की तिघांपैकी कोणीही कोणाला फसवलं नव्हतं. फसवलं असतं तर काकांना निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

मुलाने १८० परत द्यायचं कबूल केलं. चाळीस डॉलरमध्ये वर्षभर चालणारा टीव्हो काकूंच्या खोलीत लावायचा असं ठरलं, म्हणजे आठशेचा विषय निघाला की तो पुढे करता येईल. सिव्हिल इंजिनिअर माणूस, आधाराचा खांब आधी उभा करतो.

पण मुदत जात होती. दुपारी मी माझ्या ओळखीत फोन फिरवले. मेटचनमधल्या एका अमेरिकन बाईंकडे सोनीचा जुना टीव्हो होता. आमच्याकडे त्यांचा टीव्ही दुरुस्तीला आलेला, तेव्हा बोलता बोलता कळलं होतं. २००० मध्ये स्वतः लाइफटाइम घेतलेला, पावतीसुद्धा ठेवलेली. केबल कंपनीचा रेकॉर्डर आल्यापासून तो कपाटात. मी फोनवरच नंबर मागून घेतला आणि म्हटलं, आम्ही येतो, तोवर तुम्ही कुठेही काही कबूल करू नका.

तिथे पोचलो, डबा लावला, तर तो सुरुवातीच्या स्क्रीनवरच अडकला. पुढे सरकेना. आतून कट्, कट्, कट्.

काकांनी माझा दंड धरला आणि मराठीत म्हणाले, "चल. मेलेला आहे. सकाळी जिवंत घेऊन फसलो, आता मढं विकत घेऊ?"

मी बाईंची परवानगी घेऊन झाकण काढलं. मागचे टॉर्क्स १० चे स्क्रू, झाकण मागे ओढायचं, उचलायचं. आत उजेड पाडून काकांना दाखवलं. या डब्यांत पॉवर सप्लाय उघडाच असतो, वर कसलं आवरण नसतं, तार काढली तरी कपॅसिटरमध्ये झटका शिल्लक राहतो; म्हणून आधी त्यांना हात मागे बांधायला लावले. समोर ती डिस्क, तीच कट्कट् करतेय. तिच्यावर काय असतं? रेकॉर्डिंग आणि प्रोग्रॅम. ती गेली तर दुसरी घालता येते. आणि हा मागचा हिरवा बोर्ड, त्यावरच्या एका चिपमध्ये तो पंधरा अक्षरी नंबर. लाइफटाइम त्या नंबराला चिकटलेला, डिस्कला नाही. दुसऱ्या डब्याची डिस्क आणून इथे घातली, तरी नंबर या बोर्डाचाच दिसेल. आणि आपल्याला डबा चालवायचाच नाहीये. आपल्याला कंपनीच्या वहीतली एक ओळ हवीय.

"म्हणजे सकाळचा चालत होता तो रिकामा, आणि हा बंद पडलाय तो भरलेला?"

"फोन करून बघू. पैसे खिशातच ठेवा."

बाईंच्या स्वयंपाकघरात टेबलाभोवती आम्ही तिघं. आधी बाईंनी स्वतः फोन केला, स्पीकरवर. नाव, पत्ता, नंबर. हो, लाइफटाइम आहे, चालू आहे, त्यांच्याच नावावर आहे. मग त्यांनी सांगितलं की मी हा रेकॉर्डर विकतेय, नवीन मालकाच्या अकाउंटवर घाला. काकांनी आपला अकाउंट नंबर दिला. दोन मिनिटं किबोर्डचा आवाज. झालं म्हणाले. मी काकांना खूण केली: आता द्या. दीडशे डॉलर. काकांनी एकशे वीस म्हणून पाहिलं, बाईंनी हसून नकार दिला, काकांनी मोजून दिले. परदेशात आलं म्हणून घासाघीस सोडायची नाही, हा त्यांचा नियम मला मान्य आहे.

फोन ठेवला नव्हता. मी लगेच सीरीज थ्रीच्या ट्रान्सफरचं विचारलं. पलीकडच्या मुलाने नवीन मशीनचा नंबर मागितला. काका धावत बाहेर गेले, कारण सीरीज थ्री सकाळपासून गाडीच्या डिकीत, घोंगडीखाली, काकूंच्या नजरेआड पडून होता. खोका आत आणला. ६४८ ने सुरू होणारा नंबर मी एकेक अक्षर वाचून सांगितला. पलीकडून परत वाचून घेतला. कार्डावर १९९ पडले. नवीन मशीनवर लाइफटाइम दिसायला एक-दोन दिवस लागतील, तोवर रोजचा कॉल होऊ द्या, असं सांगून त्याने फोन ठेवला.

काकांनी डायरी काढली. दोनशे वीस खोडून चाळीस लिहिले, दीडशे लिहिले, १९९ लिहिले. बेरीज केली, दोनदा तपासली. सकाळच्या हिशोबापेक्षा तीस डॉलर कमी, आणि डबे दोन. चेहरा खुलला. मग पुढच्या पानावर 'केबलकार्ड' असं लिहून खाली रेघ मारली. सीरीज थ्रीला केबल कंपनीची दोन कार्डं लागायची, ती बसवायला त्यांचाच माणूस यावा लागायचा, आणि त्या माणसाने काकांचे पुढचे दोन आठवडे कसे खाल्ले ती कहाणी काकांकडूनच ऐकावी.

परत येताना गाडीत म्हणाले, "तुझे किती झाले?"

"शेठला फोनचे आणि टेबलाचे वीस द्या. माझं राहू द्या."

"राहू द्या कसं? हा सोनी घे. मला काय करायचाय मढं घेऊन." मग थोडं थांबून, "वर्षाची सर्व्हिस आहे म्हणे त्याच्यावर. कुठे मोफत मिळते?"

त्या आठवड्यात मी पडून असलेली एक डिस्क त्यात घातली, प्रोग्रॅम चढवला. पहिल्याच झटक्यात उठला. माझ्या खोलीवर तो पुढच्या फॉलपर्यंत चालला. मग स्क्रीनवर वर्गणी भरा असा निरोप येऊ लागला, आणि महिन्याला तेरा डॉलर देण्याइतकं मी तेव्हा टीव्ही बघत नव्हतो.