नवापूरच्या बाकड्यापासून वेडछीपर्यंत

नंदुरबारहून सुरतेकडे जाणाऱ्या गाडीत ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं होती. गोधड्या, पातेली, पोत्यात गुंडाळलेले कोयते. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. तिथल्या एका बाकड्यावर हद्द रंगवलीय आणि त्यावर बसून लोक फोटो काढतात. मीही काढला, लाज कसली?

व्याऱ्याला उतरून जीपनं वेडछी गाठली. वाटेत दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. गांधीवादी जुगतराम दवे यांचा आश्रम आणि नारायण देसाईंचं संपूर्ण क्रांती विद्यालय इथलंच. मला मात्र ओढ होती ती नारायणभाईंच्या लेकीची आणि जावयाची कामाची जागा बघायची. डॉ. संघमित्रा गाडेकर, म्हणजे गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांची नात, आणि भौतिकशास्त्रज्ञ सुरेंद्र गाडेकर. दोघांनी १९८७ पासून इथून 'अणुमुक्ती' हे अणुऊर्जेला विरोध करणारं इंग्रजी नियतकालिक चालवलं. मोर्चे, घोषणा त्यांच्याही वाट्याला आल्या असतील. पण मला त्यांचं कौतुक आहे ते घरोघरी वही घेऊन फिरण्यासाठी.

१९९१ साली ते राजस्थानात रावतभाट्याला गेले. चंबळच्या काठच्या त्या अणुभट्ट्यांजवळची पाच गावं निवडली आणि तुलनेसाठी पन्नास किलोमीटरपलीकडची चार. दोन्हीकडे घराघरांत तेच प्रश्न: कोण आजारी आहे, किती मुलं झाली, किती गेली. ताप-खोकल्यासारख्या नेहमीच्या आजारांत दोन्हीकडे फारसा फरक निघाला नाही. जन्मजात व्यंगं मात्र भट्टीजवळच्या गावांत कितीतरी जास्त. सरकारी अणुतज्ज्ञांनी हे निष्कर्ष मानले नाहीत. नुसत्या पाहणीनं किरणोत्सर्गाचा दोष सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. पण लांबची गावंही तितक्याच निगुतीनं मोजायची, ही शिस्त आपल्याकडच्या किती आंदोलनांत दिसते? पुढे झारखंडातल्या जादुगुड्याच्या युरेनियम खाणींभोवतीही त्यांनी असंच काम केलं.

आश्रमाच्या आवारात शांत होतं. एका काकांनी पाणी दिलं, 'क्यांथी आव्या?' विचारलं. नंदुरबार म्हटल्यावर हसले, 'तो तमे पाडोशी!'

परतताना मुद्दाम काकरापारच्या अणुवीज केंद्राच्या रस्त्यानं आले. दुरून घुमट दिसले; जवळ जायची परवानगी नाही, मागितलीही नाही. १९९४ च्या जूनमध्ये इथल्या टर्बाइनच्या इमारतीत पुराचं पाणी शिरलं. आतल्याच मनोज मिश्रा या कर्मचाऱ्यानं त्याबद्दल वर्तमानपत्राला लिहिलं, त्यात नोकरी गेली आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयातही दाद लागली नाही. ११ मार्च २०१६ ला एका भट्टीत, ती थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली, जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेला त्याच दिवशी पाच वर्षं होत होती. कालव्याला मात्र पाणी भरपूर होतं आणि पोरं पुलावरून उड्या मारत होती.

परतीच्या गाडीत नवापूर आलं. बाकडं रिकामं होतं. सहज मोबाइलवर नकाशा उघडून सरळ रेषेतलं अंतर काढलं: काकरापार ते नवापूर, पन्नास किलोमीटरच्याही आत. रावतभाट्याच्या हिशेबानं हे स्टेशन 'लांबच्या गावां'त धरलं नसतं.