सत्तावीसपैकी चार

“मला इथं यायची खरंच गरज आहे का, तेवढं सांगा. नसेल तर कुणा गरजूची वेळ मी उगाच अडवणार नाही.”

खुर्चीत टेकता टेकताच त्यांनी विचारलं. वय अठ्ठावन्न (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आधी दोनदा वेळ घेऊन दोन्ही वेळा रद्द केलेली. आले तेव्हा धापा टाकत होते, कपाळावर घाम होता. उशीर झाला म्हणून घाईनं आले असतील, असं मी धरून चालले. आमचं केंद्र चौथ्या मजल्यावर आहे आणि त्या दिवशी लिफ्ट व्यवस्थित चालू होती. चौदा वर्षं समुपदेशनाचं काम करतेय, तरी या दोन गोष्टी मी जोडल्या नाहीत.

आमच्याकडे पहिल्या सेशनला आधी प्रश्नावल्या भरून घेतात. पन्नास मिनिटांतली पंधरा-वीस तिथंच जातात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ : नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला शून्य ते तीन, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त झाली की आम्ही सावरून बसतो. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. तिथं एक जरी गुण पडला, तरी बेरीज बाजूला ठेवून त्याबद्दलच बोलायचं. त्यांचा तिथं शून्य होता. एकूण चार. चिंतेसाठीच्या जीएडी-७ मध्ये २१ पैकी तीन.

“म्हणजे मी ठीकच आहे,” ते म्हणाले. मी आकड्यांकडे बघत जवळजवळ मान डोलावली. ते मला अजून सलतंय.

काही प्रश्न विचारले, उत्तरं सरळ आली. झोप ठीक, भूक ठीक, कामात लक्ष. वेळ संपत आली तसे ते आभार मानून उठले. आमच्या कामात सगळ्यांना ठाऊक असतं की खरी गोष्ट पुष्कळदा दाराच्या कडीवर हात ठेवून बोलली जाते. तसंच झालं.

“मुलीनं फारच धरलं म्हणून आलो. नात सात महिन्यांची झाली. मी अजून फोटोतच बघतोय तिला.”

“का हो?”

“गुडघे दुखतात असं सांगितलंय.”

“दुखतात?”

ते काही बोलले नाहीत. मग परत येऊन बसले.

दोन वर्षांपूर्वी लिफ्टमध्ये एकाएकी छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, श्वास अपुरा. आता आपण मरतोय अशी खात्रीच. ईसीजी, इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, सगळं स्वच्छ. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून घरी. दोन वर्षांत ‘पॅनिक अटॅक’, म्हणजे एकाएकी उसळणाऱ्या तीव्र भीतीचा झटका, हे दोन शब्द त्यांच्यासमोर कुणीही उच्चारले नव्हते. याचा मला मनापासून राग येतो. हृदयाला काही झालेलं नाही हे अर्धंच वाक्य आहे. मग त्या दिवशी झालं काय, हे सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. अर्ध्यावर सोडलेला माणूस उरलेलं स्वतःच भरतो, आणि बहुतेक वेळा ‘डॉक्टरांच्या नजरेतून काहीतरी सुटलंय’ असंच भरतो.

मी प्रश्नावली उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एकच विचारलं : तेव्हापासून काय काय करायचं सोडलंत? आधी लिफ्ट. मग रेल्वे. मग बसमधली खिडकीची जागा, कारण चटकन उठता येत नाही. सभागृहातली मधली रांग. दुपारी एकटं बाहेर पडणं. सतरा नोंदी झाल्या. पुढच्या बाजूला चार गुण, मागच्या बाजूला सतरा ओळी. प्रश्नावली दोन आठवड्यांतला त्रास मोजते, आणि ज्यानं त्रासाच्या प्रत्येक जागेला वळसा घालायला शिकून घेतलंय, त्याला त्रास व्हायला जागाच उरत नाही.

“पण बोलून काय होणार?” त्यांनी विचारलं. चांगला प्रश्न होता आणि त्याचं उत्तर बोलून देणं मला पटेना. तपासण्या झालेल्या होत्या, दम्याचा किंवा फिटचा त्रास नव्हता. मी काय करणार ते आधी सांगितलं, विचारलं, आणि आम्ही दोघांनी एक मिनिट जोरजोरात, भराभर श्वास घेतला. चाळीस सेकंदांतच त्यांनी बोटांकडे पाहिलं. मुंग्या. मग डोकं हलकं, छाती आवळलेली.

“हेच! हेच होतं तेव्हा.”

भराभर श्वासानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि नेमकी हीच लक्षणं येतात. शरीराच्या या खुणांचा अर्थ आपण ‘मरण’ असा लावला की भीती वाढते, भीतीनं खुणा वाढतात. पॅनिकचं हे चक्र ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं आणि उपचार त्यावरच उभा आहे : लावलेला अर्थ तपासायचा आणि सोडलेल्या गोष्टींकडे, सोप्यापासून सुरुवात करून, पायरीपायरीनं परत जायचं. बहुधा एकूण सात ते चौदा तासांचं काम. काहींना सोबत औषधं लागतात. ती मनोविकारतज्ज्ञ देतात, मी नाही. मी त्यांना म्हटलं, चार सेशननंतर दोघं मिळून बघू, फरक नसेल तर मीच सांगेन. माझ्याशी सूर जुळला नाही तर तुम्ही सांगा, दुसरं नाव देईन.

“विचार करतो,” म्हणाले आणि जिन्यानं उतरले.

पुढची मुलगी चौदा मिनिटं बाहेर ताटकळली. तीही पहिल्यांदाच आली होती. तिची माफी मागितली, पण तिच्या चेहऱ्यावरचा अवघडलेपणा सेशनभर गेला नाही. दारातलं बोलणं पुढच्या सेशनसाठी ठेवायचं, वेळेची मर्यादा हाही उपचाराचाच भाग, असं आमच्या ज्येष्ठ सहकारी म्हणाल्या. एरवी मी हेच शिकाऊ मुलांना सांगते. पण दोनदा वेळ रद्द केलेल्या माणसाला ‘पुढच्या वेळी बोलू’ म्हणायचं, तर ती पुढची वेळ कुठून आणायची? आणि खरं तर नियम आधीच मोडला होता : वीस मिनिटं कागदाला दिली आणि त्यांना चौदा, तीही दुसऱ्या कुणाची.

पाचव्या दिवशी त्यांचा फोन आला. नाव सांगितलं नाही, आवाजावरून ओळखलं.

“पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये नेणार का?”

“नाही. तुम्हाला न विचारता कधीच नाही.”

“बरं,” म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, “मंगळवारी चार?”

मी वहीत लिहून ठेवलं. उद्या मंगळवार.