तुम्ही विचारलंत म्हणून: मधल्या मापाचं पोलादी रिव्हॉल्व्हर

प्रश्न नेहमी एकच असतो. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत कुणाचा तरी मुलगा विचारतो, काउंटरपलीकडून गिऱ्हाईक विचारतं, हल्ली कोल्हापूरहून पुतण्याही फोनवर विचारतो: "काका, ती मधल्या मापाची पोलादी रिव्हॉल्व्हरं आता कोण घेतं? तुम्ही अजून तीच का धरून बसलाय?" दर वेळी मी काहीतरी थातूरमातूर बोलून सुटका करून घेतो. या वेळी सगळं सांगतो, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

मी बंदूकवेडा नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर हात काळे केलेला फिटर आहे. अमेरिकेत ओहायोत आलो तो टूलरूमच्या नोकरीवर. ती गेली, तेव्हा एका म्हाताऱ्याच्या शस्त्रदुरुस्तीच्या दुकानात व्हाइसपुढे उभा राहिलो. म्हातारा वारला, दुकान माझ्याकडे आलं. मी त्या वस्तूच्या प्रेमात पडलो तो गोळी झाडून नाही, कानस चालवून.

तुम्हाला वाटतं सिलिंडर, म्हणजे गोळ्यांचं नळकांडं, फिरतो, झालं. घोडा, म्हणजे मागचा हॅमर (चाप नव्हे), अगदी सावकाश मागे ओढा आणि दुसऱ्या हाताचं बोट सिलिंडरला हलकं टेकवून ठेवा, नुसता ब्रेक लागेल इतपत. घोडा पुरता मागे अडकायच्या आधी खाली 'टक्' असा आवाज यायला हवा. तो आला म्हणजे सिलिंडर जागेवर बसला, छिद्र नळीच्या समोर आलं. घोडा आधी अडकला आणि टक् नंतर वाजलं, तर टायमिंग मागे पडलंय. असं सहाही छिद्रांना पाहायचं, कारण सिलिंडरच्या मागच्या चाकाला सहा दात असतात आणि प्रत्येक दाताची झीज वेगळी. मग फीलर गेज, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्या, घालून नळी आणि सिलिंडर यांच्यातली फट मोजायची. सहा थाऊ, म्हणजे इंचाचे सहा हजारांश, आली की मला जेवण गोड लागतं. जुन्या काळी कारखान्यात हे प्रत्येक नगाला माणूस हाताने जुळवून द्यायचा. आता मशीनवर बरंच नेमकं निघतं, मान्य आहे. पण आता तसा फिटर कुठे मिळतो, विचारा.

धंदा बसला कशाने, ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी माझ्या बाजूने ऐका. हे माप पोलिसाचं होतं. स्मिथ अँड वेसनने 1899 मध्ये काढलेलं मिलिटरी अँड पोलीस, 1957 पासून ज्याला मॉडेल 10 म्हणतात, ते साठ लाखांवर बनलं. इतकी नुसत्या हौशी लोकांनी घेतलेली नाहीत. चार इंची नळी, किलोला थोडं कमी वजन, कमरेच्या पट्ट्याला उघडं लटकवायचं. पोलिसाला ते लपवायचं नव्हतं आणि दिवसभर वागवायचा त्याला पगार होता.

मग 1986 च्या एप्रिलमध्ये मायामीत दोन दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीत एफबीआयचे 2 एजंट मारले गेले, 5 जखमी झाले आणि खापर फुटलं रिव्हॉल्व्हरवर. गोळ्या सहाच, भरायला वेळ लागतो, वगैरे. अहो, समोरच्याकडे रायफल होती! आणि शेवटी त्या दोघांना संपवलं कशाने? एक हात निकामी झालेल्या एजंटच्या रिव्हॉल्व्हरनेच. हे मी वीस वर्षं सांगतोय, पण धंद्याला त्याने काही फरक पडला नाही. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या पोलिसांनाही नऊ मिलिमीटरची पिस्तुलं मिळाली. पोलीस गेला आणि मधलं माप पोरकं झालं. त्याच्यापेक्षा लहान रिव्हॉल्व्हर खिशात जातं, मोठं शिकारीला जातं. हे जाणार कुठे?

गंमत म्हणजे माझे बरे दिवस तेव्हाच आले. पोलीस खात्यांनी नव्या पिस्तुलांच्या बदल्यात दिलेली जुनी रिव्हॉल्व्हरं दुकानांत स्वस्तात येऊ लागली. बाहेरून पट्ट्याला घासून घासून रंग उडालेला आणि आत पाहावं तर नवीकोरी, कारण पोलिसाने ते वागवलं खूप, झाडलं कमी. त्यात 1994 च्या कायद्याने पिस्तुलाच्या नव्या मॅगझिनवर, म्हणजे गोळ्यांच्या पेटीवर, दहा गोळ्यांची मर्यादा आली. सहाविरुद्ध दहा म्हटलं की मला वाद घालता यायचा. 2004 मध्ये तोही टेकू गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ओहायोत परवाना काढून शस्त्र लपवून बाळगायची मुभा मिळाली आणि सप्टेंबरमध्ये मॅगझिनची मर्यादा संपली. गिऱ्हाइकाला आता लहान, हलकं आणि भरपूर गोळ्यांचं हवं होतं. माझ्या शोकेसमध्ये होती किलोकिलोची पोलादं.

इथवर मी नेहमी सांगतो. पुढचं सांगत नाही.

आमच्या ओळखीतल्या एक वहिनी आहेत, माहेर कराडचं. नवऱ्याची दिवसाची नोकरी, यांच्याकडे गॅस स्टेशनचं दुकान, रात्री अकरापर्यंत. त्यांनी रीतसर शिकून परवाना काढला आणि माझ्याकडे आल्या. "भाऊजी, पर्समध्ये मावेल असं काहीतरी द्या." त्यांची नजर पाच गोळ्यांच्या छोट्या हलक्या रिव्हॉल्व्हरवर होती, सव्वाचारशे ग्रॅमच्या. मी त्यांना अर्धा तास ऐकवलं. लहान नळीने नेम लागत नाही, हलक्याचा झटका मनगटाला जास्त बसतो, त्यापेक्षा हे घ्या. आणि चार इंची पोलादी त्यांच्या हातात दिलं, मी स्वतः टायमिंग लावलेलं. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, हे लक्षात घ्या.

रेंजवर नेलं. चाप एका ओढीत दाबायचा तर पाचेक किलोचा जोर लागतो. सातआठ वेळा दाबल्यावर त्यांचं बोट थरथरायला लागलं. त्या म्हणाल्या, "जड जातंय हो." मी हसून म्हणालो, "भाकरी थापणाऱ्या हाताला काय जड!" आजूबाजूचे हसले. त्याही हसल्या. पैसे देऊन घेऊन गेल्या.

2007 च्या जानेवारीत रात्री साडेदहाला दोन पोरं दुकानात शिरली. वहिनींनी गल्ला उघडून दिला, तरी जाता जाता एकाने त्यांच्या तोंडावर काहीतरी मारलं. गालाच्या हाडावर सात टाके. दुसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा त्या सोफ्यावर बसल्या होत्या, डोळा मिटलेला. मी मूर्खासारखं पहिलं काय विचारलं असेल? "ते कुठे होतं?"

"कपाटात. चार महिने झाले." मग ब्लाउजची बाही जरा सरकवून खांदा दाखवला. सुरुवातीचे पंधरा दिवस पर्समध्ये नेलं होतं, त्या पट्ट्याचा काळा वण अजून होता. "मणक्यातून कळ यायची, भाऊजी. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून परत आणलं नाही."

नवरा मध्ये म्हणाला, "नव्हतं तेच बरं झालं. असतं तर ती दोघं होती, काहीतरी भलतंच झालं असतं." मला तेवढा आधार पुरेसा होता. मी लगेच मान डोलावली. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं असतं की नसतं, ते मी ठरवलं असतं ना."

चहा न घेता निघालो. पंधरवड्याने त्यांनी ते परत विकलं. मी पूर्ण पैसे देऊ केले, त्यांनी जुन्या मालाचा भाव घेतला आणि बाकीचे काउंटरवर ठेवून गेल्या.

तर धंदा का बसला याचं उत्तर मी कायद्यात शोधतो, पोलीस खात्यात शोधतो. खांद्यावरच्या वणाचं नाव काढत नाही. मी त्या बाईसाठी वस्तू शोधत नव्हतो, वस्तूसाठी गिऱ्हाईक शोधत होतो. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दुकानाबाहेर काढलं असतं. आणि खरं सांगू? आजही लहान नळीबद्दल मी म्हणालो ते बरोबरच होतं. लहानाने त्यांचा नेम लागला नसता. पण ते त्यांच्याजवळ असतं. या दोन वाक्यांची जोडणी मला अजून जमलेली नाही.

आता कुणी म्हणेल, काका, बाजार परत आलाय. कोल्टने 2020 मध्ये पायथन हे जुनं रिव्हॉल्व्हर पुन्हा काढलं, 1,499 डॉलरला. स्मिथ अँड वेसननेही मॉडेल 19 पुन्हा आणलं. आणलं, बघितलं मी. ती घेणारे माझ्यासारखेच, केस पांढरे झालेले. घेतात, एकदा झाडतात, पुसून तिजोरीत ठेवतात. दुकानाचं भाडं त्यावर निघत नाही. भाडं निघतं 2018 साली आलेल्या त्या तळहाताएवढ्या, प्लॅस्टिकच्या मुठीच्या, सिग कंपनीच्या पी365 पिस्तुलासारख्या मालावर, ज्यात दहा गोळ्या मावतात आणि ज्याचं वजन अर्धा किलो. मी ती विकतो. बायकांना तर हल्ली मीच आधी काढून दाखवतो आणि हातात देऊन गप्प बसतो. गप्प बसायला मला फार त्रास होतो.

वहिनींचं ते रिव्हॉल्व्हर विकलं का, असं पुतण्याने परवा विचारलं. नाही. शोकेसमध्ये आहे, डावीकडून दुसरं, आणि त्याला लावलेली किंमत कुणी देणार नाही हे मला माहीत आहे. टायमिंग अजून चोख आहे. बघायचं असेल तर कधीही या, हातात देईन. शनिवारी मात्र नको. शनिवारी प्लॅस्टिकवाल्यांची गर्दी असते.