कोटेशन

मंगळवार, रात्री सव्वाअकरा

"मॅडम, तुमचं कोटेशन पाठवून द्या. कमिटीला तीन लागतात." सेक्रेटरी काका एवढंच म्हणाले. स्वरात काही वावगं नव्हतं. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला तीन, लिफ्टच्या एएमसीला तीन, तशी डीम्ड कन्व्हेयन्सलाही, म्हणजे बिल्डर करून देत नाही ते जमीन-इमारतीचं हस्तांतर सरकारी आदेशाने सोसायटीच्या नावे करून घेण्याच्या कामालाही, तीन. तरी सकाळपासून तो शब्द घशात काट्यासारखा अडकून बसलाय.

वकिलाकडे कोटेशन मागतात का कुणी? माझ्या सिनियर सरांकडे मागितलं असतं तर त्यांनी चष्मा काढून नुसतं बघितलं असतं, आणि तोच माणूस पुढच्या तारखेला पेढे घेऊन आला असता. सरांचे दिवस वेगळे होते. ते राहू दे.

दुपारी लेटरहेड घेऊन बसले. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, "एकूण फी रुपये" लिहिलं आणि पेन थांबलं. तोंडी मी पंचेचाळीस हजार सांगते, समोरचे चाळीस म्हणतात, चहा येतो, विषय संपतो. हे पंचेचाळीस आले कुठून? कागदावर लिहायची वेळ आली तेव्हा कळलं की मलाच माहीत नाही. दिवसभर ज्याला अपमान म्हणत होते तो बहुतेक हाच.

मग मागच्या फाइलची डायरी काढली आणि तास मोजले. कागद गोळा करून तपासणं 6. जमिनीच्या मालकीचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट वाचणं 4. बिल्डरला नोटीस 2. नमुना सातमधला अर्ज आणि जोडपत्रं 5. डीडीआर म्हणजे जिल्हा उपनिबंधकांच्या ऑफिसच्या चार तारखा, ताटकळण्यासकट प्रत्येकी तीन तास, म्हणजे 12. हस्तांतराच्या डीडचा मसुदा आणि ॲडज्युडिकेशन (मुद्रांक किती लागेल ते ठरवून घेणं) 6. नोंदणी 4. प्रॉपर्टी कार्डावर सोसायटीचं नाव चढवण्याच्या खेपा 5. आणि कमिटीचे फोन, वार्षिक सभेत जाऊन तेच तेच समजावणं 8. बेरीज 52.

आता दुसरी बाजू. चेंबरचं भाडं 18,000, क्लार्क 15,000, ज्युनियरचे 12,000, निकालांचा डेटाबेस, प्रिंटर, फोन, जाणं-येणं मिळून 9,000. महिन्याला 54,000. कामाचे दिवस 22. दिवसाला ज्याचे पैसे लावता येतील असे तास किती? मी बाणेदारपणे आठ लिहिले आणि खोडले. कोर्टात बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या प्रकरणांची यादी, कधी पुढे सरकेल ते कुणाच्या हातात नाही, चारच निघतात. 88 तास. म्हणजे मी एक पैसाही घरी न नेता माझा तास 614 रुपयांना पडतो. घरी 80,000 न्यायचे म्हटले तर पंधराशेच्या वर.

52 तासांचे पंधराशेने 78,000 होतात. मागची सोसायटी मी चाळीसमध्ये केली. त्यातले, तासाला 614 धरून, जवळजवळ 32,000 खर्चातच गेले. आठ महिन्यांचे हाती आले आठ हजार. वर त्यांनी सत्यनारायणाला बोलावलं होतं आणि मी खूश होऊन शिरा खाऊन आले.

कोटेशन मागितलं म्हणून रुसायचं, आणि इतकी वर्षं न विचारता तोट्यात काम करायचं. वा मॅडम.

ज्युनियरला हे सगळं फार सोपं वाटतं. तिच्या मते प्रॅक्टिस म्हणजे स्टार्टअप, आपण फाउंडर, आणि इन्स्टावर "कन्व्हेयन्सचे पाच टप्पे" असं रील टाकायचं. तिला बार कौन्सिलचा नियम 36 वाचायला दिला. जाहिरात नाही, दलाल नाही, पाटीसुद्धा बेताच्या आकाराची, आणि तिच्यावर अमुक कामातले तज्ज्ञ असं लिहायचं नाही. 2008 च्या दुरुस्तीनंतर वेबसाइट चालते, पण तिच्यावर नाव, पत्ता, फोन, ईमेल, सनदेचा नंबर आणि तारीख, मूळ बार कौन्सिल, शिक्षण, कामाची क्षेत्रं, बस. 2024 च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने ऑनलाइन जाहिरात करणाऱ्या वकिलांवर कारवाई करायला बार कौन्सिलला सांगितलं, तेही तिला दाखवलं. ती म्हणाली, "मग लोकांना आपण कळणार कसे?" कन्सल्टंट मंडळी लिफ्टमध्ये पत्रकं चिकटवून जातात, "कन्व्हेयन्सची 100 टक्के हमी" छापून. त्यांना सनद नाही, म्हणून नियमही नाही. कमिटीच्या तीन कोटेशनांत एक त्यांचं असणार, रंगीत, स्पायरल बाइंडिंगवालं. यावर थोडा वेळ रडू येण्याइतकी चिडले, नंतर लक्षात आलं की काका माझ्याकडे आपणहून आलेत. मागितल्यावर दर सांगणं म्हणजे काम मागत फिरणं नव्हे.

संध्याकाळी हप्ते पाडले. साधं वाटतं, पण इथेच पाय घसरतो. "आदेश आपल्या बाजूने झाल्यावर 25 टक्के" असं सहज लिहून गेले होते. नियम 20 प्रमाणे निकालावर फी बांधता येत नाही. खोडून "सुनावणी पूर्ण झाल्यावर" केलं. आता काम ठरल्यावर 30 टक्के, अर्ज दाखल केल्यावर 30, सुनावणी संपल्यावर 25, प्रॉपर्टी कार्डासाठीचा अर्ज दिल्यावर 15. पहिले दोन मोठे ठेवले, कारण पैसे थकले म्हणून फाइल अडवून ठेवायची सोय आपल्याला नाही. आर. डी. सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच ते सांगून टाकलंय. मुद्रांक आणि नोंदणीचे पैसे फीमध्ये मिसळायचे नाहीत, ते वेगळ्या खात्यात, वेगळ्या नोंदीने. सोसायटी टीडीएस कापणार, तेही आधीच धरायचं.

इतकं करूनही आकडा बघून धीर होत नव्हता. 78,000 बघून काका चहासुद्धा न घेता उठतील. मग घरून सल्ला आला, तुझ्या गच्चीवाल्याचं कोटेशन बघ ना, तो बरा न लाजता पैसे घेऊन गेला.

ड्रॉवरमधून काढलं. एक पान, लेटरहेडवर मारुती. आधी कामाचं वर्णन: जुना कोबा तोडणे, राबिट उचलणे, ब्रिकबॅट, दोन कोट, पाणी साठवून चाचणी. मग "यात समाविष्ट नाही": पॅरापेटच्या भिंतीचं प्लास्टर, पाइप बदलणे. खाली "पाणी व वीज मालकाने पुरवावी." आणि शेवटी "वैधता 30 दिवस". हे कोटेशन मी तीनदा वाचून सही केली होती, आणि दर पटला नव्हता तरी माणूस पटला होता, कारण कुठे काय फसू शकतं ते त्याने आधीच लिहिलं होतं.

आमच्या कामात काय फसतं ते मला तोंडपाठ आहे. जुन्या सभासदांच्या करारांवर मुद्रांक कमी भरलेला असतो. एकाच प्लॉटवर चार इमारती असतात आणि आर्किटेक्टच्या दाखल्याशिवाय आपल्या वाट्याची जमीन ठरत नाही. सातबारावर मूळ मालकाच्या वारसांची नावं चढलेली नसतात. बिल्डरच्या जुन्या पत्त्यावरून नोटीस परत येते. आणि कायद्यात सहा महिने लिहिलेत म्हणून कमिटी सातव्या महिन्यात माझ्याकडे बघते. यातलं एकही मी आजवर आधी लिहून दिलं नव्हतं. फाइल अडकली की मीच ओशाळायची, जणू बिल्डर माझा मामा.

मग पान दुसऱ्यांदा लिहिलं. काम काय, नऊ टप्पे. समाविष्ट नाही: उच्च न्यायालयातली रिट याचिका, वारसांचे वाद, कमी मुद्रांकाचा दंड, आर्किटेक्टची फी. कागदांची यादी पहिल्या दिवशी, आणि ती पूर्ण आल्याशिवाय अर्जाचा मसुदा सुरू नाही. कमिटीतर्फे एकाच माणसाने बोलायचं, पंधरवड्यातून एकदा मी लेखी कळवणार. पहिल्या तारखेला ज्युनियर जाणार. फक्त या तीन ओळींनी, हिशोब केला, बारा तास वाचतात. 40 तास, 60,000. आणि मला काही कमी पडत नाही.

आकडा लिहिला. मग 55 केला. मग परत 60. घासाघीस होणारच म्हणून 65 करायचा मोह झाला, आवरला.

वरचं "कोटेशन" खोडून "फीबाबत पत्र" केलं, ते वाचून मलाच हसू आलं. परत कोटेशनच ठेवलं. खाली लिहिलं:

झेरॉक्स व सभासदांच्या सह्या सोसायटीने पुरवाव्यात. वैधता 30 दिवस.